विद्यापीठाच्या बँड महोत्सवात शाळेचं पथक पहिल्यांदा नेताना

अमेरिकेत शाळांच्या कॉन्सर्ट बँडसाठी विद्यापीठांचे संगीत विभाग महोत्सव भरवतात. बहुतेक महोत्सव वसंत सत्रात होतात. शाळेचं पथक विद्यापीठाच्या सभागृहात दोन-तीन रचना वाजवतं, परीक्षक वादन चालू असतानाच टिप्पण्या रेकॉर्ड करतात आणि नंतर विद्यापीठातले प्राध्यापक मुलांसोबत थोडा वेळ काम करतात. हा लेख पहिल्यांदाच बँड घेऊन जाणाऱ्या शिक्षकांसाठी आहे आणि सोबत येणाऱ्या पालकांसाठीही. सगळ्या तयारीमागचा हेतू एकच ठेवा: परीक्षकांचे शब्द मुलांच्या वादनावर खर्च व्हावेत, विसरलेल्या मॅलेटवर (तालवाद्यांच्या गोल टोकाच्या काठ्या) किंवा मेझर (तालाचं एक आवर्तन) क्रमांक नसलेल्या स्कोअरवर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) नाही.

अर्ज भरण्याआधी

महोत्सव रेटिंगचा आहे की फक्त टिप्पण्यांचा, हे सगळ्यात आधी बघा. रेटिंगच्या प्रचलित पद्धतीत पाच पायऱ्या असतात: सुपीरियर, एक्सलंट, गुड, फेअर आणि पुअर. यात शाळांची एकमेकींशी तुलना नसते. प्रत्येक पथक ठरलेल्या निकषांवर तपासलं जातं, त्यामुळे एकाच दिवशी दहा पथकांना सुपीरियर मिळू शकतं. हे मुलांना आणि पालकांना आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर बसमध्ये ‘आपला नंबर कितवा’ हा प्रश्न सुरू होतो. बऱ्याच महोत्सवांत ‘फक्त टिप्पण्या’ हा पर्याय मागता येतो. पथक नवीन असेल, निम्मी मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षाची असतील, तर तोच घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमधली शालेय स्पर्धांची संस्था, युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलास्टिक लीग, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखाली चालते. तिच्याकडे रचनांची ठरलेली यादी आहे आणि साइट-रीडिंगसाठी, म्हणजे न पाहिलेली रचना वाजवण्यासाठी, वेगळे परीक्षक असतात. एखाद्या विद्यापीठाने स्वतःच्या जबाबदारीवर भरवलेल्या महोत्सवात यातलं काहीच नसू शकतं. म्हणून शेजारच्या शाळेने सांगितलं म्हणून गृहीत धरू नका. आपल्या महोत्सवाची नियमपुस्तिका छापून घ्या आणि पाच गोष्टींखाली रेघ ओढा: मंचावर मिळणारा एकूण वेळ, परीक्षकांसाठी लागणाऱ्या स्कोअरच्या प्रती, यजमान देणार असलेली तालवाद्यं, साइट-रीडिंग आहे की नाही, आणि वादनानंतरचं क्लिनिक, म्हणजे प्राध्यापकांचं मुलांसोबतचं काम, किती मिनिटांचं आहे. पर्याय असेल तर क्लिनिक असलेलाच महोत्सव निवडा. एखाद्या अनोळखी जाणकाराने तुमच्याच मुलांसमोर उभं राहून तीच ओळ वेगळ्या श्वासाने वाजवून घेतली की महिनाभर सांगूनही न पटलेली गोष्ट मुलांना पंधरा मिनिटांत पटते.

वेळ मागताना प्रवास लक्षात घ्या. विद्यापीठ तासाभरापेक्षा लांब असेल तर सकाळचा पहिला स्लॉट टाळा.

रचना निवडणं: निम्मा निकाल इथेच लागतो

बँडच्या रचनांना साधारण १ ते ६ अशी काठिण्यपातळी दिलेली असते. नवख्या शिक्षकांकडून नेहमी होणारी चूक म्हणजे पथकातल्या सर्वांत चांगल्या मुलांकडे बघून पातळी ठरवणं. ती ठरवायची सर्वांत कच्च्या विभागाकडे बघून. तिसऱ्या क्लॅरिनेटला ‘ब्रेक’ ओलांडता येत नसेल, म्हणजे खालच्या स्वरपट्टीतून वरच्या स्वरपट्टीत जाताना बोटं आणि श्वास जुळत नसेल, तर ज्या रचनेत तो पार्ट (त्या वाद्याची स्वतंत्र ओळ) सतत तिथेच घुटमळतो ती बाजूला ठेवा. साधी कसोटी अशी: पहिल्याच तालमीत पथकाला रचना न थांबता निम्म्याहून जास्त वाजवता आली नाही, तर ती या महोत्सवासाठी नाही. परीक्षकांसमोर पातळी ३ ची रचना धडपडत वाजवण्यापेक्षा पातळी २ ची सुरेल वाजवणं केव्हाही चांगलं.

नंतर वाद्यांचा ताळेबंद मांडा. ओबो, बसून नाहीत का? फ्रेंच हॉर्न एकच आहे का? मग त्या वाद्यांच्या ओळी दुसऱ्या पार्टमध्ये क्यू म्हणून छोट्या अक्षरांत छापलेल्या आहेत का, ते स्कोअरमध्ये बघा. नसतील आणि तीच ओळ मुख्य चाल असेल तर मधोमध पोकळी पडेल, आणि तीन परीक्षक तिघंही तेच लिहितील.

दोन किंवा तीन रचनांत एक संथ असलीच पाहिजे. संथ रचनेत पथकाचा स्वर, श्वास आणि वाक्यांचा शेवट उघडा पडतो, म्हणून शिक्षक ती टाळतात. पण परीक्षक मोठी टिप्पणी नेमकी तिच्यावरच करतात आणि तीच पुढच्या वर्षभर उपयोगी पडते. क्रम लावताना ओठांचा विचार करा. ट्रम्पेटचे उंच स्वर असलेली रचना शेवटी ठेवली तर तोवर ओठ थकलेले असतात, आवाज फाटतो आणि स्वर खाली घसरतो. मार्च किंवा ठसठशीत सुरुवात, मग संथ, मग वेगवान पण उंची बेताची असलेली रचना, हा क्रम बहुतेक पथकांना मानवतो.

स्कोअरच्या मूळ छापील प्रती लगेच मागवा. साधारणपणे तीन परीक्षकांसाठी तीन प्रती लागतात, तुमची स्वतःची वेगळी. प्रत्येक मेझरला क्रमांक पेन्सिलीने घाला. सलग क्रमांक छापलेले असतील तर तेवढं काम वाचलं. झेरॉक्स प्रती बहुतेक ठिकाणी स्वीकारत नाहीत, कारण तो कॉपीराइटचा भंग ठरतो. रचना छापून येणं बंद झालं असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी स्कोअरला जोडावी लागते. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. आणखी एक: तुमच्या पार्टची आणि नव्या स्कोअरची आवृत्ती एकच आहे ना, हे ताडून बघा. सुधारित आवृत्तीत मेझर क्रमांक सरकलेले असतात आणि परीक्षकाची ‘मेझर ४७’ ही टिप्पणी मग तुम्हाला सापडतच नाही.

सूर लावणं

हातात आठ ते दहा आठवडे असतील तर प्रत्येक तालमीतली पहिली दहा मिनिटं फक्त ऐकण्याला द्या. आधी कुणाच्या कागदावर कोणता स्वर असतो ते मुलांना तोंडपाठ हवं. कॉन्सर्ट बी फ्लॅट (पियानोवरचा बी फ्लॅट) मागितला की फ्लूट, ओबो, ट्रॉम्बोन, युफोनियम आणि ट्यूबा बी फ्लॅटच वाजवतात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन सी वाजवतात. आल्टो आणि बॅरिटोन सॅक्सोफोन जी. फ्रेंच हॉर्न एफ. ट्रम्पेट सोडून युफोनियमवर आलेली मुलं मात्र अनेकदा सी लिहिलेला पार्ट वाचत असतात, त्यांना वेगळं विचारा.

संदर्भ ए म्हणजे ४४० हर्ट्झ. पण प्रत्येक मुलाला सूर मोजणारं मीटर दाखवून पुढे जाणं म्हणजे सूर लावणं नव्हे. दोन क्लॅरिनेटना एकच स्वर लांब धरायला लावा. एक ४४० वर आणि दुसरी ४४३ वर असेल तर आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो, ‘वाँ-वाँ-वाँ’ असा. ४४३ वरच्या मुलाला बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) थोडं ओढायला सांगा. ओसरणं मंदावतं, सेकंदाला एकदा होतं, मग थांबतं आणि दोन वाद्यांतून एकच आवाज येऊ लागतो. हा क्षण मुलांनी एकदा कानाने पकडला की मंचावर मीटर लागत नाही. पथकाचा सूर लावायचा तो ट्यूबापासून वर. खालचा स्वर पक्का असला की वरच्यांना त्यात बसायला जागा मिळते.

कोणतं वाद्य कुठे सरकवायचं हे नेमकं शिकवा. फ्लूटचा हेडजॉइंट, सॅक्सोफोनचं माउथपीस कॉर्कवर मागेपुढे, ट्रम्पेटची मुख्य स्लाइड. क्लॅरिनेटचं बॅरल ओढलं की उघडा जी आणि त्याच्या आसपासचे स्वर जास्त खाली येतात, लांब नळीचे (जास्त भोकं बंद केलेले) कमी. म्हणून बॅरल फार ओढू नका, उरलेला फरक मधल्या जोडावर घ्या. ट्रम्पेटवर पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबलेले स्वर, खालचा डी आणि सी शार्प, जात्याच चढे असतात. तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड बाहेर काढण्यासाठीच तिथे कडी दिलेली असते. त्या स्लाइड जाम झालेल्या असतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, आजच तपासा.

मग मुद्दा येतो जोराचा. जोरात फुंकलं की फ्लूट चढते आणि क्लॅरिनेट उतरते. हळू फुंकताना नेमकं उलट होतं. त्यामुळे मध्यम आवाजात सुरेल वाटणारं पथक क्रेसेंडोच्या (आवाज हळूहळू वाढवत नेण्याच्या) टोकाला पोचलं की फाकतं. सूर फक्त मध्यम आवाजात लावून थांबू नका. तोच स्वर अगदी हळू आणि अगदी जोरात धरून बघा. समतोलासाठी एवढं पुरे: स्वर जितका खालचा तितका तो थोडा पुढे, जितका वरचा तितका थोडा मागे. पहिल्या ट्रम्पेटला आणि पिकोलोला आवाज वाढवायची गरज जवळजवळ कधीच नसते.

तापमानाचं भान ठेवा. वाद्यातली हवा १ अंश सेल्सियसने तापली की सूर सुमारे ३ सेंट चढतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). म्हणजे ६ अंशांच्या फरकाने १८ सेंट, जवळपास अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. झायलोफोन आणि बेल्स यांच्या पट्ट्या मात्र त्याच्याबरोबर चढत नाहीत. थंड बसमधून काढलेली वाद्यं लगेच सुराला लावली तर दहा मिनिटांत सगळं हललेलं असेल. म्हणून आधी वाजवून वाद्य गरम करा, सूर नंतर लावा.

मोठ्या सभागृहाची तयारी

शाळेच्या बँड रूममध्ये मुलं दाटीवाटीने बसतात. विद्यापीठाच्या मंचावर पहिली ओळ आणि मागची तालवाद्यं यांच्यात १० मीटर अंतर पडू शकतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तेवढं अंतर कापायला त्याला २९ मिलिसेकंद लागतात. मागचा ड्रमर पुढचं ऐकून वाजवू लागला तर त्याचा ठोका परत पुढे पोचेपर्यंत ५८ मिलिसेकंद उशीर झालेला असतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक सोळांश स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो; म्हणजे जवळपास निम्मा सोळांश मागे. ‘तालवाद्यं मागे ओढतात’ ही टिप्पणी बऱ्याचदा इथूनच येते. उपाय एकच: मागच्या मुलांनी पुढचं ऐकून नाही, शिक्षकाच्या हाताकडे बघून वाजवायचं. शेवटच्या दोन आठवड्यांत किमान दोन तालमी जिममध्ये किंवा शाळेच्या सभागृहात, खुर्च्या मुद्दाम लांब मांडून घ्या.

त्याच तालमींत मंचावर येणं, बसणं, वाजवणं आणि बाहेर पडणं, सगळं घड्याळ लावून करा. नियमपुस्तिकेत ३० मिनिटं लिहिली असतील तर त्यात येणं-जाणंही धरलेलं असतं. संगीताची एकूण लांबी १५ मिनिटांच्या आत ठेवलीत तर घाई होत नाही.

साइट-रीडिंग

न पाहिलेली रचना काही मिनिटांत समजून घेऊन न थांबता वाजवायची. त्या मिनिटांत शिक्षकाला बोलता येतं, हाताने ठेका दाखवता येतो. मुलांना वाद्यावर बोटं ठेवता येतात, गुणगुणता येतं, पण आवाज काढता येत नाही. नेमकं काय चालतं ते पुस्तिकेत बघाच. मुलांना शोधायचा क्रम शिकवून ठेवा: पट्टी कोणती आणि ती कुठे बदलते, ताल कोणता, पुनरावृत्तीच्या खुणा, लय बदलणाऱ्या जागा, मग आगंतुक शार्प-फ्लॅट. रोज तालमीच्या शेवटी पातळी १ च्या आठ ओळी असंच वाचा. एकच नियम मनावर बिंबवा: चुकलं तरी थांबायचं नाही, पुढच्या मेझरच्या पहिल्या मात्रेला परत चढायचं.

तालवाद्यं आणि सामान

टिंपनी, बेस ड्रम, झायलोफोन, चाइम्स अशी मोठी वाद्यं सहसा यजमान देतात. स्नेअर, लटकत्या झांजा, ट्रँगल आणि सगळ्या काठ्या-मॅलेट तुम्ही न्यायच्या. कोणत्या रचनेत कोण काय वाजवतो आणि मधे कुठून कुठे जातो, याचा तक्ता तालवाद्य विभागाच्या मागे चिकटवा. टिंपनी वाजवणाऱ्या मुलाला कानाने सूर लावता आलाच पाहिजे, कारण यजमानांच्या टिंपनीवरचा दर्शक काटा नेमका असेल असं नाही.

सोबत न्यायची पेटी अशी:

- क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या रीड (माउथपीसवर बसणाऱ्या पातळ पट्ट्या), प्रत्येक मापाच्या किमान चार, आधी वाजवून तपासलेल्या. कोरी रीड महोत्सवाच्या दिवशी उघडू नये.
- व्हॉल्व्ह ऑइल, स्लाइड ग्रीस, कॉर्क ग्रीस, छोटे स्क्रू ड्रायव्हर, रबर बँड, पातळ टेप.
- ड्रम की, एक जादा स्नेअर काठ्यांची जोडी.
- सगळ्या पार्टचा एक पूर्ण जादा संच. घरी फोल्डर विसरणारं एक तरी मूल असतंच.
- काळे मोजे, चार जोड.
- स्कोअरच्या प्रती. या ट्रंकेत नाही, तुमच्या स्वतःच्या पिशवीत.

ट्यूबा, बॅरिटोन सॅक्सोफोन आणि युफोनियम बसमध्ये सगळ्यात आधी चढवा आणि पट्ट्यांनी बांधा. प्रत्येक पेटीवर मुलाचं नाव आणि शाळेचं नाव हवं. विद्यापीठाच्या सामानखोलीत एकसारख्या चाळीस काळ्या पेट्या ठेवलेल्या असतात. पालकांचे संमतीपत्र आणि औषधोपचाराचे अर्ज एका फोल्डरमध्ये, सोबतच्या एका मोठ्या माणसाकडे.

प्रत्यक्ष दिवस

वेळापत्रक मंचाच्या वेळेपासून उलटं मांडा. वादन ११:०० ला असेल तर १०:५० ला मंचाच्या मागे, १०:२५ ते १०:४८ वॉर्म-अप खोलीत, ९:३० ला विद्यापीठात. मधल्या वेळात वाद्यं जोडणं, स्वच्छतागृह, गणवेश. बस भरायला अर्धा तास आणि रस्त्याला पाव तास जादा धरा.

वॉर्म-अपमध्ये संपूर्ण रचना वाजवू नका. लांब स्वर, एक सप्तक, एक कोरल (सगळ्यांनी मिळून वाजवायची संथ छोटी रचना), प्रत्येक रचनेची पहिली चार मेझर आणि दोन अवघड जोड, इतकंच. ओठांचा जोर मंचासाठी राखून ठेवायचा असतो, आणि इथेच जोरात वाजवून दमलेली पथकं संथ रचनेत उघडी पडतात.

मंचावर गेल्यावर खुर्च्यांचा आणि स्टँडचा नकाशा यजमानांना दिलेल्या तक्त्याप्रमाणे आहे का, ते आधी बघा. प्रत्येकाला तुमचे हात दिसतात ना? दिसत नसतील तर खुर्ची हलवा, परीक्षक थांबतात. एक स्वर, एक कॉर्ड, आणि सुरुवात. मंचावर लांबलचक सूर लावत बसलात तर मुलांचे ओठ गार पडतात आणि मनही. रचना संपल्यावर शेवटचा प्रतिध्वनी विरेपर्यंत हात खाली आणू नका, मुलांनाही वाद्यं हलवू देऊ नका.

दोन रचनांच्या मधे तालवाद्यांच्या जागा बदलू द्या. लोक बघत आहेत म्हणून घाई करू नका. टिंपनीचा सूर बदलायला त्या मुलाला वेळ लागतो आणि त्याच्याकडे एकदा बघून होकार घेतल्याशिवाय हात वर करू नका.

साइट-रीडिंग आणि क्लिनिक झाल्यावर निदान दोन दुसरी पथकं मुलांना ऐकवा. एखाद्या पथकाचा हॉर्न विभाग आपल्यापेक्षा मोठा असेल, एखाद्याचा स्वर जास्त उबदार. ते का, हे मुलांना विचारा. दुसरी शाळा वाजवत असताना दार उघडायचं नाही, आणि टाळ्या मोकळेपणाने वाजवायच्या, हे बसमध्येच सांगून ठेवा.

टिप्पण्या कशा वापरायच्या

परीक्षकांची रेकॉर्डिंग आधी एकट्याने ऐका, कागदावर मेझर क्रमांक आणि एक-दोन शब्द लिहीत. मग तिघांच्या याद्या शेजारी ठेवा. दोघांनी किंवा तिघांनी सांगितलेली गोष्ट खरी धरा. एकानेच सांगितलेली गोष्ट त्याची आवड असू शकते, ती वेगळ्या रकान्यात. मुलांना पूर्ण रेकॉर्डिंग ऐकवू नका. तीन तुकडे निवडा. एक असं जिथे कौतुक आहे, दोन असे जिथे लगेच वाद्य उचलून बदल करून बघता येईल. टिप्पणी ऐकायची आणि त्याच मिनिटाला ती जागा वाजवायची.

तिसऱ्या क्लॅरिनेटबद्दल, मागे ओढणाऱ्या तालवाद्यांबद्दल, फिक्या हॉर्नबद्दल जे सांगितलं गेलं असेल ते पुढच्या वर्षीच्या रचनांच्या यादीशेजारी लिहून ठेवा. परत आल्यावर त्याच दिवशी वाद्यं स्वॅबने पुसून पेटीत ठेवून घ्या. यजमानांच्या मॅलेट चुकून आपल्या पिशवीत आल्या असतील तर दुसऱ्याच दिवशी परत पाठवा.